गाजर गवताचा सरकारी प्लॉट

सरकारी नोकरीत रजा, बदली आणि नवीन खुर्ची या गोष्टी मागून मिळत नाहीत. किस्से मात्र न मागता मिळतात! मी कृषी सहायक. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरची पाच गावं माझ्याकडे आहेत. अठरा वर्षं स्कूटीवर हिंडतेय. एवढ्या वर्षांत मी शेतकऱ्यांना किती शहाणं केलं ते देव जाणे, पण आम्ही चार सहायक डबा खायला बसलो की कुणाला तरी ठसका लागल्याशिवाय डबा संपत नाही.

कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण माझी अजून सात वर्षं नोकरी शिल्लक आहे. गावाचं नाव भोरजाईवाडी असं खोटंच सांगते. साहेबांना आपण निकम साहेब म्हणू. बाकी सगळं खरं.

आजचे सगळे किस्से एकाच झाडाचे आहेत. गाजर गवत! तुम्ही ते पाहिलंय. एसटी स्टँडच्या मागं, शाळेच्या कुंपणाला, गटाराच्या कडेला असतं. गाजरासारखी कातरलेली पानं, वर बारीक पांढरी फुलं. बाहेरच्या देशातून आलं आणि आपल्याच मातीत मालक होऊन बसलं. अंगाला विषारी. कुणाला खाज सुटते, कुणाचं तोंड सुजतं, जनावराच्या पोटात गेलं तर दूध कडू होतं. ओळखायला एकदम सोपं. निदान निकम साहेब येईपर्यंत मला तसं वाटायचं!

*

साहेब मंडल कृषी अधिकारी म्हणून आमच्याकडे आले, त्याआधी त्यांची सगळी नोकरी टेबलावर झालेली. फाईल बघून ती कोणत्या महिन्यातली ते सांगतील, रोप बघून ते कशाचं ते विचारू नका. रुजू झाल्यावर आठवड्याभरातच गाजर गवत निर्मूलनाचं पत्र आलं आणि आम्ही दोघं भोरजाईवाडीला गेलो.

तिथले सरपंच फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणतं. त्यांच्या अंगणात शिरताच साहेब थबकले. भिंतीच्या कडेनं कातरलेल्या पानांची रोपं ओळीत उभी होती.

"मोहिते मॅडम, हे बघा! सरपंचांच्याच दारात!"

मी "साहेब, साहेब" करतेय तोवर साहेब वाकले आणि त्यांनी निम्मी ओळ उपटली. "असं मुळासकट काढायचं. फुलावर यायच्या आधी! फोटो घ्या." मी फोटो घेतला. वरिष्ठांचा हुकूम होता.

सुभेदारांच्या मंडळी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी ढिगाकडं बघितलं, मग साहेबांकडं बघितलं.

"सायेब, गवत तिकडं गटाराला हाय. ही माझी शेवंती हाय."

साहेब घाईघाईनं रोपं परत मातीत खोचू लागले. काकी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "म्याडम, पुढल्या बारीला ह्यास्नी दाव्यानं बांधून आणा!"

*

सुभेदारांचं मात्र कौतुक करायला पाहिजे. हुकूम म्हणजे हुकूम. त्यांनी सकाळी सहाला गावाला फॉल-इन करायला लावलं. हातमोजे नव्हते, म्हणून घरातले फौजेचे जाड पायमोजे काढून एकेका बाईच्या हातात चढवले. भांगलणीला, म्हणजे खुरपणीला जाणाऱ्या बायकांची टोळी पुढं, गडी मागं. दोन दिवसांत गावात औषधाला गाजर गवत राहिलं नाही! खड्डा काढून सगळं पुरलं. मला त्या गावाचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मी साहेबांना मोठ्या उत्साहानं फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "आधीचा फोटो काढला का?"

आता ही नवीन पद्धत आहे. मोबाईलच्या ॲपवर त्याच जागेचा आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो टाकावा लागतो. आधीचा नसेल तर ॲप नंतरचा घेत नाही. म्हणजे गाव साफ झालं, पण सरकारदरबारी गाव घाण कधी नव्हतंच!

"गावात थोडं शिल्लक असेल ना?" साहेब म्हणाले.

"एक काडी नाही, साहेब."

"मग आणा!"

आणलं. शेजारच्या गावातून टेम्पो भरून, मुळाच्या मातीसकट आणलं आणि ग्रामपंचायतीच्या दोन गुंठे मोकळ्या जागेत लावलं. पावसानं ओढ दिली होती, म्हणून शिपायानं घागरीनं पाणी घातलं. महाराष्ट्रात गाजर गवताची लागण करणारी कृषी सहायक मी एकटीच असेन!

फोटो झाला. पण साहेबांना वाटलं, तपासणी पथक येईल तेव्हा त्यांना 'आधी' दाखवायला काहीतरी हवं. म्हणून त्या जागेला 'ओळख प्रात्यक्षिक प्लॉट' असं नाव मिळालं. भोवतीनं हिरवी नेट आली. समोर पाटी लागली. वर मोठ्या अक्षरात 'गाजर गवत ओळखा, समूळ नष्ट करा!' आणि खाली बारीक अक्षरात 'उपटू नये. हुकमावरून.'

आठ दिवसांत एक म्हातारा शेतकरी मला रस्त्यात अडवून विचारायला लागला, "म्याडम, सरकारनं नेट लावलंय म्हंजी पीक चांगलं असणार. बी मिळंल का?"

हसायला हरकत नाही. पण त्या जागेला लागून शालनताईची भिंत आहे. शालनताई म्हणजे भांगलणीच्या टोळीची मुकादम. पंधरा-वीस बायकांना शेतात नेणारी, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. दोन दिवस पायमोजे घालून सगळ्यांच्या पुढं तीच होती. प्लॉटची लागण बघून ती मला म्हणाली, "समदं गाव साफ केलं आन् माझ्याच भिताडाला आणून लावलं व्हय, म्याडम? मला ह्येचा लय तरास हुतो वो."

मी म्हणाले, "पथक येऊन गेलं की काढतो, ताई. पंधरा दिवस."

*

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. पथकाला सवड नव्हती. मधल्या काळात पथकाला आणखी एक प्रात्यक्षिक दाखवावं म्हणून साहेबांनी एका संशोधन केंद्रातून मेक्सिकन भुंगे मागवले. हे भुंगे गाजर गवताचा पाला खातात, दुसऱ्या पिकाला तोंड लावत नाहीत. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यातून ते एसटीनं आले. वाटेत खोक्यावर कुणीतरी भाजीची पिशवी ठेवली होती, तरी निम्मेअर्धे जिवंत होते. आम्ही ते प्लॉटवर सोडले.

सगळ्यात जास्त आनंद शालनताईला झाला. तिचे हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाले होते, पापण्या सुजल्या होत्या. ती रोज सकाळी तोंडाला पदर बांधून नेटपाशी उभी राहायची आणि भुंग्यांना म्हणायची, "खावा गं बायांनो, पोटभर खावा!" आणि भुंगे खात होते हो! आठवड्यात पानांची जाळी झाली.

पलीकडं आनंदराव राहतात. विट्याकडचे गलाईवाले. सारी उमर दक्षिणेत सोनं गाळण्यात गेली, आता बंगला बांधून गावात आलेत आणि गावासाठी काहीतरी करायची त्यांना घाई झालेली असते. एका सकाळी मी गेले तर प्लॉटमध्ये सगळे भुंगे उताणे! औषधाचा वास. आनंदराव पाठीवरचा पंप उतरवत होते.

"म्याडम, तुमच्या सरकारी पिकाला कीड लागलीवती. कुणाचं ध्यानच न्हवतं. एक पैसा न घेता फवारली बगा!"

मी म्हणाले, "आनंदराव, ते भुंगे आपणच सोडले होते."

"आपल्याच पिकावर?" आनंदरावांनी माझ्याकडं फार दयेनं बघितलं. "म्याडम, एवढी वर्सं सोन्यातली खोट वळाखली. ही कसली खोट, मला कळंना गड्या!"

शालनताई भिंतीआडून सगळं ऐकत होती. ती घरात गेली आणि तिनं खिडकी लावून घेतली. तेव्हा मला पहिल्यांदा त्या प्लॉटचा राग आला. प्लॉट कसला, माझाच राग आला.

*

मधेच एक मिठाचा किस्सा झाला. मिठाचं दाट पाणी फवारलं तर गाजर गवत करपतं, असं आमच्याच पत्रकात लिहिलेलं आहे. साहेबांनी प्लॉटच्या एका कोपऱ्यावर त्याचं प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं. फक्त एका कोपऱ्यावर, बाकीचं पथकासाठी! फवारणी झाली, फोटो झाले.

दुपारी सुभेदारांची म्हैस सुटली. तिला मिठाचा वास लागला की काय कोण जाणे, ती नेट फाडून आत गेली आणि तिनं तो कोपरा चाटूनपुसून साफ केला. आमच्या सगळ्या मोहिमेत मनापासून काम केलेली ती एकटीच. मग तिच्या पोटाला काही होऊ नये म्हणून सुभेदार दोन दिवस गोठ्यात बसून होते. म्हैस ठणठणीत राहिली.

तिसऱ्या दिवशी साहेब सुभेदारांच्या ओसरीवर बसले. चहा आला. साहेबांनी एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की मला पदर तोंडाला लावावा लागला.

"सुभेदार, चहात काय घातलंय?"

सुभेदार ताठ बसून म्हणाले, "तुमचा प्लॉट, सर!"

*

पुढचा किस्सा सांगताना मला हसू येतं आणि लाजही वाटते.

शालनताईनं भांगलणीला जायचं सोडलं. शेताच्या बांधावर गेली तरी अंग पेटायचं. टोळी तिच्याशिवाय जायला लागली. शेवटी तिचा नवरा तिला सांगलीला कातडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी तिच्या पाठीवर वेगवेगळ्या झाडापाल्याच्या चिकटपट्ट्या लावून दोन दिवस ठेवल्या. ती मला म्हणाली, "पाठीवर वाफं पाडलं माझ्या! सात वाफं. सा ठिकाणी कायबी उगावलं न्हाई. गाजर गवताच्या वाफ्यात ह्ये एवढं उठलं." डॉक्टरांनी लिहून दिलं की हिला या गवतापासून लांब ठेवा.

ती कागद घेऊन कार्यालयात आली. साहेबांनी कागद वाचला, पंख्याखाली ठेवला आणि समजूत घातली. "ताई, हा बराचसा मनाचा खेळ असतो. मी वीस वर्षं या खात्यात आहे, मला कधी काही झालं? तरी तुम्ही लेखी अर्ज द्या."

तिनं अर्ज दिला. उत्तर पंधरा दिवसांनी गेलं. ते उत्तर मला पाठ आहे, कारण त्याचा मसुदा मीच केला. 'मौजे भोरजाईवाडी येथे गाजर गवत शिल्लक नसल्याचा अहवाल या कार्यालयास प्राप्त आहे. सबब, ते काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'

अहवालही माझाच होता. गाव साफ झाल्याचा. तो खोटा नव्हता, आणि प्लॉट हे गवत नव्हतं, ते प्रात्यक्षिक होतं! साहेबांनी मला हे समजावून सांगितलं आणि मी सही केली. घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. एकदा वाटलं, सकाळी लवकर जाऊन आपणच सगळं उपटावं. पण प्लॉटचा रोजचा फोटो माझ्याच मोबाईलवरून जात होता. भित्र्या माणसाला कारण लागतंच, मला ते सापडलं.

शालनताईनं ते पत्र सुभेदारांकडून वाचून घेतलं. मी समोरच होते. तिनं शांतपणे विचारलं, "म्हंजी सरकार म्हंतंय गवत न्हाईच?"

"न्हाई म्हंत्यात," सुभेदार म्हणाले.

"मग म्या खाजिवती त्ये काय?"

*

अखेर पथक आलं. पांढऱ्या गाडीतून दोन मोठे साहेब उतरले. प्लॉटशेजारीच मांडव घातला होता. शालनताई तोंडाला पदर बांधून पुढच्या रांगेत बसली होती. तिनं टोळीच्या बायकांना पायमोजे घेऊन तयारच ठेवलं होतं. 'आधी' बघून झालं की लगेच उपटायचं, असं मी तिला सांगितलं होतं. ती माझ्याकडं बघून मान हलवायची, मी मान हलवायची.

मोठ्या साहेबांनी प्लॉट बघितला. नेट बघितलं, पाटी बघितली. फार खूश झाले.

"वा निकम! गाजर गवत मुक्त गावात गाजर गवताचा असा प्लॉट! पुढच्या पिढीनं ते ओळखायचं कुठं? हा कायमस्वरूपी ठेवा. प्रत्येक गावात असा पाहिजे!"

टाळ्या झाल्या. बायकांनी पायमोजे पिशवीत परत घातले. मी शालनताईकडं बघायचं टाळलं.

आणि पुढचंच नाव तिचं होतं! महिला सहभागाचा फोटो हवा म्हणून तिचा सत्कार ठेवला होता. साहेबांनी तालुक्यातून आणलेला गुलाबांचा गुच्छ तिच्यापुढं धरला. शालनताईनं हात पुढं केला आणि झटक्यात मागं घेतला.

"सायेब, ह्यात बी त्येच हाय."

मी वाकून बघितलं. गुलाबांच्या मधे मधे भरायला बारीक पांढरी फुलं होती आणि खाली देठाला एक कातरलेलं पान चुकून राहिलं होतं. माझी खात्री पटली. पण दोन मोठे साहेब समोर, माईक चालू, माझं तोंड उघडलं नाही.

निकम साहेब हसले. "ताई, ही डेकोरेशनची फुलं आहेत. फॉरेनची. तुम्हाला आता सगळीकडं तेच दिसायला लागलंय!" पथकाकडं वळून ते म्हणाले, "सर, ग्रामीण भागात असा गैरसमज फार आहे. तो प्रात्यक्षिकानंच जातो." त्यांनी गुच्छातली पांढऱ्या फुलांची मूठ उपसली, दोन्ही हातांवर खसाखसा चोळली, मानेवर चोळली, गालावर चोळली. "बघा! काय झालं? काही नाही!"

मांडवात हशा आणि टाळ्या. शालनताई तेवढी हसली नाही. ती खालच्या आवाजात म्हणाली, "सायेब, साबण देती. लगी धुवून घ्या वो."

साहेबांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. फोटो चालू होते.

दुसऱ्या दिवशी साहेब नेहमीसारखे कार्यालयात आले. तिसऱ्या दिवशी फुल शर्ट घालून आले, मनगटाची बटणं लावलेली. चौथ्या दिवशी आले नाहीत. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी साडेसातला मला त्यांचा फोन आला, "मॅडम, भोरजाईवाडीला या."

मी पोचले तर प्लॉटपाशी जीप उभी. साहेबांच्या गळ्याला मफलर, एक डोळा सुजून मिटलेला, हात पांढऱ्या मलमानं माखलेले. सुभेदार टोळीला घेऊन आले होते, बायकांच्या हातात पायमोजे होते.

"उपटा," साहेब म्हणाले. "सगळं उपटा. मुळासकट."

"साहेब," मी म्हणाले, "कायमस्वरूपी ठेवायचा आदेश आहे."

"मी उत्तर देईन."

"आधीचा फोटो..."

साहेबांनी उघड्या असलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

अर्ध्या तासात जमीन मोकळी झाली. खड्ड्यावर माती पडली. सुभेदारांनी पाटीही उपटून खड्ड्याशेजारी आडवी ठेवली. साहेब जीपकडं गेले नाहीत. ते शालनताईच्या दाराशी गेले. ती उंबऱ्यात उभी होती. साहेबांनी चपला काढल्या. मी मागंच होते, म्हणून मला ऐकू आलं. त्यांचा एवढा हळू आवाज मी कार्यालयात कधी ऐकला नव्हता.

"ताई, रात्रीची झोप कशी लागते हो तुम्हाला?"

शालनताई म्हणाली, "लागत न्हाई, सायेब."